समुद्राची बदली

फाल्गुन लागला की दिल्लीत सावरी फुलतात आणि इथल्या कोकणी माणसाला खाऱ्या वाऱ्याची सय येते. यंदा रजा काढून आम्ही आरे-वाऱ्याहून भंडारपुळ्यावरून गणपतीपुळ्यास पायी गेलो. वर उन्हाने तापलेले जांभ्याचे तांबडे कडे. खाली ओल्या पुळणीवर इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची घातलेली रांगोळी. दिल्लीत जन्मलेल्या चिरंजिवांनी वाटेत विचारले, "बाबा, आपले गाव नक्की कोणते?" बदलीच्या नोकरीतल्या माणसाला याहून अवघड प्रश्न नसेल.

उत्तर मला भूशास्त्राने सुचविले. दिल्लीत ज्या रिजवर आम्ही रविवारी फिरतो, ते अरवलीचे उत्तरेकडील टोक. तिथला क्वार्टझाइट म्हणजे १०० कोटी वर्षांहूनही पूर्वी उथळ समुद्रात साचलेली वाळू. कोकणचा काळा पत्थर त्या मानाने कालचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा! समुद्राचीही बदली होते. तो गेला तरी त्याची वाळू खडक होऊन राहते. जिथे उमेदीची वर्षे वेचली, तिथे आपणही काही ठेवून जातोच. मुलाला दोन्ही गावे आपली म्हणता यावीत, एवढीच इच्छा आहे.