तडा गेलेली तावदानं : श्रीवर्धन, पावसाळा २०२०

३ जून, रात्री

दुपारी वादळ दिवेआगरपाशी किनाऱ्याला लागलं आणि आमच्या वाडीतल्या पोफळी बघता बघता आडव्या झाल्या. आता वारा पडलाय. वीज नाही, फोन नाही. छपरावर काय उरलंय ते दादा बॅटरीच्या उजेडात पाहतोय, खिडक्या माझ्याकडे.

स्वयंपाकघरातली एक काच पुरती गेली. पडवीच्या खिडकीची वरची काच अर्धी तुटून चौकटीत लोंबतेय. जिन्यातल्या उंच खिडकीला खालच्या कोपऱ्यातून वर तिरका तडा गेलाय, पण काच जागेवर आहे. तिघींचं दुखणं वेगळं, म्हणून उपायही वेगळे.

सगळ्यात आधी लोंबणारी. भाचीला आईपाशी माजघरात बसवलं, खिडकीखाली जुनी गोधडी पसरली, पायात दादाचे बूट घातले आणि हातांना गोणपाट गुंडाळलं. वरचा तुकडा आधी काढायचा, मग बाजूचे, तळातले शेवटी. उलट केलं तर वरचा तुकडा सुटून थेट मनगटावर येतो. जे हलत नव्हते त्यांच्याभोवतीची जुनी लांबी पटाशीने टोकरून काढली. फरशीवरचा चुरा केरसुणीला पुरता येत नाही, म्हणून आईने कणकेचा गोळा मळून दिला. ओलसर गोळा दाबत नेला की डोळ्यांना न दिसणारी कुसंही त्याला चिकटून येतात. तो गोळा गाईच्या पुढ्यात जाऊ नये म्हणून काचांबरोबरच पत्र्याच्या डब्यात घातला आणि डब्याचं झाकण बांधून टाकलं.

४ जून

जिन्यातली काच दोन फूट बाय तीन फूट आहे, ४ मिलिमीटर जाडीची. म्हणजे साडेपाच किलो वजन, आणि तेही दिवसातून दहा वेळा वर-खाली करणाऱ्या माणसांच्या डोक्यावर. तिला आज टेप लावली.

टेप लावण्यात सगळी मेहनत काच कोरडी करण्याची. रात्रभर झड येत होती. फडक्याने पुसल्यावर दादा म्हणाला, सॅनिटायझरने पूस, मार्चपासून बाटल्या भरून ठेवल्यात. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन घातलेलं असतं. त्याचा पातळ थर काचेवर राहतो आणि टेपचा डिंक काचेला न चिकटता त्या थराला चिकटतो. आईच्या इन्सुलिनसाठी आणलेलं स्पिरिट वापरलं. ते उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही.

रुंद पारदर्शक टेपची एक पट्टी तड्याच्या वाटेने आतून, दुसरी बाहेरून. मग तड्याला छेद देत आडव्या पट्ट्या, आणि त्या काचेवरच न संपवता चौकटीच्या लाकडावर नेऊन दाबलेल्या. हे लाकडापर्यंत नेणं महत्त्वाचं. टेपने काच मजबूत होत नाही. उद्या ती फुटलीच, तर तुकडे खाली न येता चौकटीला लटकून राहावेत, एवढंच टेपचं काम.

वादळाच्या आदल्या दिवशी सगळ्या काचांवर फुल्या मारायच्या असा आईचा आग्रह होता. १९७१ च्या डिसेंबरात ती गिरगावात होती. तेव्हा ब्लॅकआउटसाठी काचांना काळे कागद लावले होते आणि स्फोटाच्या भीतीने कागदाच्या पट्ट्याही चिकटवल्या होत्या. तिच्या मनात ते घट्ट बसलंय. पण ताशी १२० किलोमीटरचा वारा सपाट काचेच्या दर चौरस मीटरला साधारण ६८ किलोंचा रेटा देतो, आणि त्यात नारळीचं झाप येऊन आदळलं तर फुलीचा काय पाड? अमेरिकेचं राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्रही लोकांना सांगतं की फुल्या मारण्यात वेळ घालवू नका. काच तर वाचत नाहीच, उलट तुकडे मोठे आणि घातक होऊ शकतात. अखंड काचेला वादळाआधी फळी हवी. टेप तडा गेल्यानंतरची.

६ जून

स्वयंपाकघराची रिकामी चौकट झाकली. पत्रे आणि ताडपत्री यांच्यासाठी बाजारात झुंबड आहे आणि आधी छपरं झाकली जायला हवीत, हे बरोबरच आहे. एका फुटलेल्या खिडकीसाठी ताडपत्री मागायला जाणं मला पटेना. घरात काय आहे ते काढलं.

कपाटाच्या माथ्यावर आईच्या गुडघ्याचे जुने एक्स-रे होते. एक्स-रेची फिल्म पॉलिएस्टरची असते. ती पाण्याने फुगत नाही, सहजी फाटत नाही, आणि तिच्यातून थोडा उजेड येतो. जुन्या चाळींत खिडकीला एक्स-रे लावलेले मी पाहिले आहेत. वर-खाली दोन फिल्म लावल्या. वरची फिल्म खालचीवर दोन बोटं चढवली, कौलं रचतात तशी, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. कडा नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या तर वारा फडफडवून भोकं मोठी करतो आणि तासाभरात फाडून नेतो. म्हणून पडलेल्या छपरातल्या तुटक्या रिपांचे तुकडे कडांवर ठेवून त्यांतून खिळे ठोकले. रीप सगळीकडून सारखी दाबते, ओढ एका भोकावर येत नाही.

पडवीला फ्लेक्स. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक वादळाने आमच्या कुंपणात आणून टाकला होता. छापलेली बाजू आत ठेवली. उजेड पार गेला, पण पडवी कोरडी आहे, आणि धान्याचे डबे सध्या तिथेच आहेत.

कंदिलाच्या काचेलाही तडा गेलाय. तापलेल्या काचेवर गळक्या छपरातलं पाणी पडलं. कंदील आजोबांच्या वेळचा, कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर. आईने भाताची खळ करून कागदाची पट्टी तड्यावर चिकटवली, तीही काच थंड असताना आणि वरचा सगळ्यात तापणारा भाग सोडून. तिच्या लहानपणी घरोघर हेच करत. कागद पिवळा पडेल, पण धरेल.

११ जून

मोसमी पाऊस कोकणात पोहोचल्याचं ट्रान्झिस्टरवर ऐकलं. जिन्यातला तडा बोटभर पुढे सरकलाय. चार तारखेला त्याच्या टोकाशी स्केचपेनने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहिली होती, म्हणून कळलं. खूण नसती तर तो आधीपासूनच एवढा होता असं वाटलं असतं.

तडा स्वतःहून का वाढतो, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळालं आहे. इंग्लंडमध्ये विमानांच्या संशोधनात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग केले आणि १९२१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तडा जितका लांब, तितका तो पुढे सरकवायला लागणारा ताण कमी. म्हणून सुरुवातीचा वीतभर तडा हाच आवरण्यासारखा असतो. अर्ध्या काचेपर्यंत गेलेला फारसं ऐकत नाही. आणि पावसाळ्यात त्याला आणखी एक साथीदार मिळतो. तड्याच्या टोकाशी काचेतले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध आधीच ताणलेले असतात. तिथे पाण्याचा रेणू शिरला की ते बंध तुटायला कमी जोर पुरतो. कोरड्या हवेत महिनोन् महिने गप्प बसलेला तडा आषाढात चालू लागतो तो यामुळे. त्यात सागवानी चौकट ओल पिऊन फुगते आणि काचेला कोपऱ्यात चेपते.

म्हणजे तडा बुजवायचा तो दिसू नये म्हणून नाही, पाणी टोकापर्यंत जाऊ नये म्हणून. दुपारी ऊन पडलं तेव्हा टेप सोडवली, काच दोन तास वाळू दिली आणि तड्यात वहिनीचं बिनरंगी नेलपॉलिश भरलं. पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा हात. ते आपोआप आत ओढलं जातं. फेविक्विकही असंच ओढलं जातं, पण काचेवरची त्याची पकड दमट हवेत हळूहळू सुटते. दोन नळ्यांचं एरल्डाइट जास्त टिकतं, मात्र ते दाट असल्यामुळे केसासारख्या तड्यात शिरत नाही. कोपऱ्यातला टवका उडाला असेल तिथे ते बरं. नेलपॉलिशवर पुन्हा नवी टेप.

१५ जून

सुतारकाका तोंडाला पंचा बांधून आले. त्यांच्याकडे छपरांची इतकी कामं आहेत की आमच्या काचेसाठी त्यांनी अर्धा तास दिला याचंच मला अप्रूप वाटतं. त्यांनी टेपवरून बोट फिरवून तड्याचं टोक शोधलं, तेवढीच टेप काढली आणि टोकाच्या पुढे दोन बोटांवर काच कापायच्या हिऱ्याने कमानीसारखी एक रेघ ओढली, दोन्ही टोकं काचेच्या कडेला टेकवून. मग मागून अंगठ्याने हलकेच दाबलं. तडा टकदिशी पुढे आला आणि कमानीला मिळून थांबला.

“आता ह्याच्यापुढे जायचा नाही?” मी विचारलं.

“बहुतेक नाही जायचा. पण भरवसा ठेवू नको. मुलांना त्या बाजूने चढू देऊ नको, आणि खिडकीचं दार आपटू देऊ नको,” ते म्हणाले.

काच साधी आहे म्हणून हे जमलं. साधी काच बनताना हळूहळू थंड केलेली असते, तिच्यात ताण फार उरत नाही. हिरा घरी असला तरी ही रेघ नवख्याने ओढू नये, असं ते निक्षून सांगून गेले. मी टेपपुरती. जाताना त्यांनी चौकटीला गुण्या लावून दाखवला. वादळाने चौकट हलली आहे, वरचा डावा कोपरा गुण्यात नाही. तडा त्यानेच गेला असेल. नवी काच बसवण्याआधी चौकट सरळ करायला हवी, नाहीतर तीही तडकेल.

२८ जून

वीज अजून नाही. शेजारच्या काकू एकट्याच असतात, मुलगा पनवेलला अडकलाय. त्यांच्या नव्या खोलीला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे. तिची एक काच वादळात फुटली तेव्हा तिचे खड्यांएवढे दाणे झाले होते. दुसरी शाबूत दिसते, पण कडेला टवका उडालाय. काकू म्हणाल्या, “अगं, तुझ्याकडची ती टेप लाव ना हिलाही.”

ही टफन्ड काच. तापवून एकदम गार केलेली, बाहेरून दाबात आणि आतून ताणात. हिला तडा जाऊन थांबत नाही. आतल्या ताणापर्यंत इजा पोहोचली की अख्खी काच एका क्षणात दाणे होऊन कोसळते. हिऱ्याची रेघ हिच्यावर ओढायचीच नाही. टवक्यात एरल्डाइट भरूनही काही साधत नाही. आतल्या बाजूने सगळ्या काचेवर वह्यांना घालतात ते चिकट प्लास्टिक लावलं, म्हणजे फुटली तरी दाणे अंगावर उडणार नाहीत. काकूंचा पलंग खिडकीपासून ओढून समोरच्या भिंतीला नेला. सगळ्यात उपयोगाचं काम ते झालं.

काकू पलंग हलवायला तयार नव्हत्या. काकांच्या वेळेपासून तो तिथे आहे. पंधरा मिनिटं त्या बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले, मग त्यांनीच उशी उचलली.

१९ जुलै

माणगावहून काच आली. चौकट सुतारकाकांनी गेल्या आठवड्यातच पाचर मारून गुण्यात आणली होती. माप घेताना खाचेच्या रुंदी-उंचीतून प्रत्येक बाजूला २-३ मिलिमीटर कमी धरले. लाकडाला फुगायला आणि काचेला उन्हात वाढायला जागा हवी. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजली आणि सगळ्यात लहान आकडा धरला. जुनी काच उतरवताना टेप तशीच ठेवली, त्यामुळे तडा गेलेली सबंध काच एका तुकड्यात खाली आली. जून-जुलैच्या टेपचं खरं चीज इथे झालं.

लांबी काकांनी खडूची पूड आणि जवसाचं तेल एकत्र मळून घरीच केली. ती वरून घट्ट व्हायला या हवेत महिना तरी लागेल, तोवर रंग लावायचा नाही, खिडकी जोरात लावायची नाही. दादाने कडीला दोरी बांधून ठेवली आहे.

स्वयंपाकघराची काच कापून आली होती, ती मी आज बसवू दिली नाही. एक्स-रेच्या पट्ट्या दीड महिन्याच्या पावसात एका थेंबानेही गळल्या नाहीत. काकूंकडे मात्र प्लास्टिकची कड सुटू लागली आहे. त्यांना टफन्ड काच मापाने बनवून मागवावी लागेल, ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप चुकून चालणार नाही. उद्या सकाळी पाऊस उघडला की सुतारकाकांना घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे.