शेळीच्या दुधाचा साबण

तर झालं असं, की मागच्या थंडीत मला साबण करायची हुक्की आली. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून कोड पाडणाऱ्या माणसाला कधीतरी हाताला लागेल असं काहीतरी करावंसं वाटतं, त्यातलाच प्रकार. कॉलेज रोडच्या एका दुकानात शेळीच्या दुधाचा साबण पाहिला. वेष्टनावर मोठ्या अक्षरात 'केमिकल-फ्री'. किंमत बघितली, गुपचूप परत ठेवला. म्हटलं, आपणच करू. इंजिनिअर आहोत शेवटी!

पहिला प्रश्न दुधाचा. नाशकात शेळीचं दूध मागितलं की डेअरीवाला विचारतो, "घरात कुणाला डेंगी झालाय का?" मग आठवली आत्या. ती सिन्नर तालुक्यात राहते आणि तिच्या दारात दोन संगमनेरी शेळ्या आहेत. ही जात आपल्याच भागातली, नाशिक, नगर आणि पुणे जिल्ह्यांतली. दुधालाही चालते, मटणालाही.

"साबणाला दूध?" आत्या पोट धरून हसली. पण पाव लिटर दूध बाटलीत भरून दिलं. पैसे काही घेतले नाहीत.

आता थोडं केमिस्ट्री. 'केमिकल-फ्री' साबण ही शुद्ध थाप आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आल्याशिवाय साबण होतच नाही. प्रमाण बरोबर असेल तर सगळा सोडा वापरला जातो आणि मागे साबण आणि ग्लिसरीन उरतं. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. माझा हिशोब असा: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५०, एरंडेल ५०. याला साधारण ७७ ग्रॅम सोडा लागतो, पण ५ टक्के कमी म्हणजे ७३ ग्रॅमच घ्यायचा, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि कातडी ओढली जात नाही. दूध १७० ग्रॅम. गॉगल, हातमोजे, उघडी खिडकी आणि स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियम अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो.

एवढी तयारी करून मी नेमकी माती खाल्ली. फ्रीजमधल्या दुधात सोडा घातला. दूध आधी पिवळं, मग नारिंगी, मग विटकरी. सोडा विरघळताना प्रचंड उष्णता निघते आणि दुधातली साखर करपते. घरभर अमोनियासारखा वास. आई नाकाला पदर लावून बाहेर गेली. मी पुन्हा पाणी ओतून ओतून सगळं मोरीत सोडून दिलं. पहिला बिल्ड फेल, त्यात काय एवढं!

पुढच्या शनिवारी परत आत्याकडे. "मागचं काय झालं रे?" म्हटलं, "करपलं, टाकून दिलं."

ती हसली नाही. गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "जुळी आहेत. त्या दिवशी त्यांना सोडायच्या आधी काढलं होतं तुझ्यासाठी."

दोन करडं आईला ढुशा मारत होती. माझ्या लेखी तो 'कच्चा माल' होता. तिथे तो कुणाच्या तरी तोंडचा घास होता. काय बोलणार? यावेळी तिने दिलं तेही मोजूनच. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, "पैशाचं काय... वाया नको घालवू."

मग दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. खड्यांवर चमचा चमचा सोडा टाकत तब्बल अर्धा तास ढवळलं. रंग फिकट पिवळ्याच्या पुढे गेला नाही. तेलात ओतून ब्लेंडर फिरवला, पातळ श्रीखंडासारखं झाल्यावर साच्यात घातलं. गरम होऊ नये म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये. दोन दिवसांनी सात वड्या कापल्या आणि सहा आठवडे माळ्यावर वाळत ठेवल्या. कॉर्पोरेट डेडलाइन परवडली, ही सहा आठवड्यांची वाट नको!

पहिली वडी आत्याला नेऊन दिली. तिने हुंगली, पंपावर हात धुतले, फेस निरखून बघितला. म्हणाली, "बरा झालाय. पुढच्या वेळी करडं चाऱ्याला लागली की ये. तेव्हा लिटरभर देते."

करडं आता चाऱ्याला लागलीत. या रविवारी जातोय. यंदा दूध आधी गोठवणार आणि बाटलीसोबत ढेपेचं पोतंही नेणार. ते तरी नाकारणार नाही बहुतेक.