अंश आणि मिलीमीटर

९ नोव्हेंबर
गाळप सुरू झालं आणि उसाच्या ट्रॉल्यांनी मळ्याचा रस्ता पार उकरून टाकला. चाकोरीच्या कडेवरून उतरताना येझदीचे मागचे शॉकअप ठणकन तळाला टेकतात. शॉकअप ८० मिमी दबतो, त्यातून चाकाला जेमतेम ८८ मिमी हालचाल मिळते. मला शंभर हवेत.

गाडी तूर्त मळ्याबाहेर जात नाही. मूळ बनावटीत मनाजोगता बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. त्यामुळे चासी नंबरच्या पाइपला हात लावायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.

११ नोव्हेंबर
मोनोशॉकचा मोह कागदावरच सोडला. व्हिन्सेंटनं मागची कँटिलिव्हर रचना १९२८ सालीच केली होती. यामाहानं बेल्जियमच्या टिल्केन्सची कल्पना विकत घेतली, आणि १९७३ मध्ये हॉकन अँडरसन तशा रचनेच्या गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. पण माझ्या गाडीत त्या जागी बॅटरी आणि एअर फिल्टर बसलेत. त्यापेक्षा १९७४-७५ च्या सुमारास मोटोक्रॉसवाल्यांनी केलं तेच करावं : शॉकअप दोनच ठेवायचे, फक्त पुढं कलवायचे.

१२ नोव्हेंबर
रात्री हिशेब. पिव्होटपासून आस ५०० मिमी, शॉकअपचा खालचा बोल्ट ४६० वर. स्विंगआर्मला काढलेल्या लंबापासून शॉकअप आज १० अंश कललेला आहे. चाक १ मिमी उचललं की तो ०.९१ मिमी दबतो. कल ३० अंश केला तर ०.८० मिमीच दबेल, म्हणजे त्याच ८० मिमीत चाकाला शंभर मिळतील.

फुकट काही नाही. चाकाला जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गानं घटतो. दोन्ही स्प्रिंगा मिळून मिलीमीटरला ४० न्यूटन देतात, चाकापाशी आज त्यातले ३३ पोचतात. शॉकअप कलवल्यावर २५ उरतील. बारा मिलीमीटर मिळवायचे तर स्प्रिंग तीस टक्के कडक हवी.

१६ नोव्हेंबर
वरचा आधार आता १०४ मिमी पुढं आणि ३८ मिमी खाली येतो. तसा आला तरच आसाची उंची तीच राहते. मिस्त्री म्हणाले, "भावा, सीटच्या पाइपलाच कान जोडून देतो की." पण तो पाइप मधोमध आधाराविना आहे, आणि कललेला शॉकअप पूर्वीपेक्षा चौदा टक्के जास्त जोरानं ढकलणार. आम्हीच मागं जोडलेल्या खालच्या पाइपपर्यंत तिरका टेकू दिला आणि सांध्यात त्रिकोणी पत्रा भरला. आधी नुसते टॅक मारले. दोन्ही बाजूंचे बोल्ट एका रेषेत आहेत का, हे एकच सळई आरपार घालून पाहिलं. पक्कं वेल्डिंग त्यानंतर.

१९ नोव्हेंबर
उद्यमनगरात स्प्रिंगवाल्याकडं. शेजारच्या माणसाचा सल्ला, "दोन वेढे काप, कडक होतंय." होतं खरं, कारण वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठरते. पण तिची लांबी जाते, कापलेलं टोक नीट बसत नाही आणि मागची बाजू खाली येते. त्यापेक्षा तार बदलणं बरं. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. व्यास आणि वेढे तेच ठेवून ७ ऐवजी साडेसात मिमीची तार घेतली की २० ची स्प्रिंग २६ वर जाते. अर्ध्या मिलीमीटरात काम झालं. मात्र पूर्ण दबल्यावर वेढ्याला वेढा भिडता कामा नये. ८० मिमी दबूनही फट उरते, हे मोजूनच पैसे दिले.

२३ नोव्हेंबर
स्प्रिंगा न घालता शॉकअप जोडले आणि जॅकनं चाक शेवटापर्यंत उचललं. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर जागा उरली. जोराच्या दणक्यात रबरी बंपरही चेपतो, म्हणून मडगार्ड वर घेतलं. पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. तिची ढील त्याच स्थितीत पाहिली.

२७ नोव्हेंबर
स्प्रिंगा चढवल्या. मी बसल्यावर मागची बाजू ३० मिमी खाली येते, एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. चाकोरीत शॉकअप आता टेकत नाही, पण कड ओलांडली की सीट वर फेकते. ते अपेक्षितच होतं. स्प्रिंगेसारखाच तेलाचा रोधही चाकापाशी वर्गानं घटतो. दहाचं तेल काढून पंधराचं भरलं, दुसरं काहीही हलवलं नाही. फेकणं पुष्कळ कमी झालं.

१ डिसेंबर
सांगलीच्या मित्राचा फोन. त्याच्या बुलेटला अशाच स्प्रिंगा हव्यात, नंबर सांग म्हणाला. त्याला म्हटलं, आधी पिव्होटपासून आस किती, खालचा बोल्ट किती आणि कल किती अंश, हे तीन आकडे पाठव. बरोबर गाडीवर बसून मागचं किती दबतं तेही. माझी २६ ची स्प्रिंग माझ्या तीस अंशांची आहे. त्याच्या उभ्या शॉकअपला ती लावली तर पाठच मोडेल.