करवंदाची जाळी

वैशाखात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या बायका करवंदांच्या बुट्ट्या घेऊन बेळगावच्या बाजारात बसतात. मराठी गिऱ्हाईक ‘करवंदं’ मागते, कन्नड गिऱ्हाईक ‘कवळी’. बाई दोघांनाही त्यांच्याच भाषेत भाव सांगते.

पंचवीस वर्षांपूर्वी ‘रानमेवा’ या निबंधात एका कन्नड घरच्या मुलाने ‘कवळी’ लिहिले. मी तांबडी रेघ मारली. वर “कवळी आजोबांच्या तोंडात असते,” म्हणून वर्गाला हसवले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पानाचा द्रोण माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “सर, हीच ती.” पुढे त्याच्या वहीत घरचा शब्द पुन्हा कधी दिसला नाही.

शास्त्राने या प्रजातीला ‘कॅरिसा’ म्हटले आहे. कण्हेर, सदाफुली हिच्याच कुळातल्या. नाव कोणतेही घ्या, जाळीचे काटे तेच, पांढरी सुगंधी फुले तीच, कच्चे फळ तोडताच बोटांना चिकटणारा चीकही तोच. मराठीसाठी भांडणाऱ्या मला एवढे कळायला हवे होते.

गेल्या वैशाखात बाजारात उभा राहिलो आणि विचारले, “मावशी, कवळी कशी दिली?”