‘मस्त’ सोडून काहीही बोला!

‘कसं वाटलं?’ हा जगातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. व्हायवापेक्षाही अवघड! व्हायवात उत्तर येत नसेल तर ‘सॉरी सर’ म्हणून मान खाली घालता येते. पण मित्र स्वतः गायलेलं गाणं आपल्या कानात कोंबतो आणि चार मिनिटं आपल्या तोंडाकडे टक लावून बघत उभा राहतो, तेव्हा ती सोय नसते. मग आपण ‘मस्त!’ म्हणतो आणि मेसच्या दिशेने पळ काढतो.

मित्रहो, हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या वर्षी आमच्या बँडने एक गाणं रेकॉर्ड केलं आणि लोकांना ते ऐकवून प्रतिक्रिया गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. बँड म्हणजे आम्ही चौघं. एक गायक, एक गिटारवाला, एक कीबोर्डवाला आणि मी. मी कुठलंच वाद्य वाजवत नाही, मी लॅपटॉप वाजवतो. फुकट मिळणारं ऑडॅसिटी, होस्टेलची रूम आणि बाहेरचा आवाज अडवायला खिडकीला उभी केलेली गादी, हा आमचा स्टुडिओ.

आमचा गायक जव्हार तालुक्यातल्या साखरशेतचा. गाणं त्यानेच लिहिलेलं, त्याच्या घरच्या बोलीत. भात घरात आलं, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्याचे आईवडीलही जायचे. पहिली-दुसरीत असताना तोही त्यांच्याबरोबर जायचा. गाणं त्या जाण्याचं होतं. आमच्या तिघांसाठी तो गॅदरिंगचा आयटम. त्याच्यासाठी काय होतं, ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण ‘अजून कोणी ऐकलं का रे?’ हे तो दिवसातून तीनदा विचारायचा.

पहिल्या आठवड्यात तेवीस जणांनी ऐकलं. त्यातल्या सतरा जणांचा अभिप्राय ‘मस्त’, ‘लय भारी’ किंवा नुसता अंगठा. आता आपण इंजिनिअरिंगवाले. फीडबॅक म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्पीकरसमोर माईक धरला की जी शिट्टी वाजते तो पॉझिटिव्ह फीडबॅक. आपलाच आवाज वाढत वाढत परत आपल्याकडे येतो आणि शेवटी काहीच ऐकू येत नाही! १९२७ साली बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅकला कामावर जाताना बोटीत सुचलं, की अॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला दिला तर गेन कमी होतो खरा, पण आवाजातली विकृतीही कमी होते. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्याने ती आकृती काढली. आमच्या सतरा मित्रांनी आम्हाला भरपूर गेन दिला. विकृती होती तिथेच राहिली.

उरलेल्या सहांमधल्या दोन प्रतिक्रिया सांगतो. एक होती माझ्या रूममेटची. त्याने त्याच्या जुनाट फोनवर, इअरफोन न लावता ऐकलं आणि विचारलं, ‘दुसऱ्या कडव्यात तो भट्टी म्हणतोय का मिठी?’ आम्ही पोट धरून हसलो. मग ऐकून बघितलं, तर खरंच कळत नव्हतं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत. मधल्या पट्टीत गिटार आणि गळा दोघं एकाच जागेसाठी भांडत होते आणि गिटार जिंकत होती. त्या कडव्यापुरती गिटार खाली घेतली. दहा मिनिटांचं काम! पण ते कुठे करायचं, हे त्या एका प्रश्नाने दाखवलं.

दुसरी प्रतिक्रिया आली, ‘गाणं चांगलं आहे, फक्त उच्चार जरा शुद्ध करून घ्या.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आमचा गायक दोन दिवस प्रॅक्टिसला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, ‘गाणं तुम्हीच कोणीतरी गा.’ आम्ही रात्री एक वाजेपर्यंत वाद घातला. शेवटी एक गोष्ट ठरली. रूममेटने त्याच्या कानात काय पोचलं ते सांगितलं होतं. दुसऱ्याने गाणारा कोण असायला हवा ते सांगितलं. पहिलं ऐकायलाच पाहिजे. दुसरं नम्रपणे ‘थँक्यू’ म्हणून बाजूला ठेवायचा हक्क गाणाऱ्याला आहे.

मग त्यानेच सुचवलं, ‘ज्यांचं गाणं आहे, त्यांना ऐकवू.’ दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एसटीने जव्हार आणि तिथून जीपने साखरशेत गाठलं.

आमच्या गाण्यात तारपा होता. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यातून हे वाद्य बनतं. वाजवणारा नाकाने श्वास घेत घेत गालातली हवा फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. याच तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, ते हेच वाद्य. आमच्या गाण्यात मात्र खऱ्या तारप्याचा आठ सेकंदांचा तुकडा होता, कीबोर्डवाल्याने चार मिनिटं कॉपी-पेस्ट केलेला. होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त ‘भारी’ याच तुकड्याला मिळाले होते.

अंगणात फोन मध्ये ठेवला. गावातले तारपा वाजवणारे एक आजोबा ऐकायला बसले. गाणं संपलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो आमच्या मित्राने आम्हाला मराठीत सांगितला: ‘यावर पाय कधी बदलायचा?’

कीबोर्डवाला माझ्याकडे बघायला लागला. तारप्याच्या नाचात वादक मध्ये असतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. वादकाचं चुकलं तर ‘कसं वाटलं’ विचारायची वेळच येत नाही, गोल तिथल्या तिथे अडखळतो. आमचा तुकडा तीस वेळा तेच बोलत होता. पाय बदलायला तो कोणालाच सांगत नव्हता.

आणि मग आई. मित्राच्या आईने पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं. शेवटच्या कडव्यात त्याने लिहिलं होतं की बाया रडत रडत ट्रकात चढतात. आई म्हणाली, ‘रडत कोण जातो? उचल घेतलेली असते, बाजार केलेला असतो. पोरांना खाऊ असतो. हसतच जातो आम्ही.’ थोडं थांबून म्हणाली, ‘रडायचं ते येताना. हिशेब झाल्यावर.’

आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही. हा अभिप्राय सुराबद्दल नव्हता, मिक्सिंगबद्दलही नव्हता. मित्राने त्याच रात्री कंदिलाएवढ्या उजेडात शेवटचं कडवं नव्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी अंगणात सलग वाजवलं, आठ-दहा जण नाचले आणि आम्ही ते जसंच्या तसं रेकॉर्ड केलं. पावलांचा आवाज आला, एक कोंबडाही आला! तारप्याचा सूर कीबोर्डच्या पट्टीत बसेना, तेव्हा आम्ही गिटार तारप्याला जुळवली. मेट्रोनोम बंद ठेवला. नवं गाणं साडेपाच मिनिटांचं झालं. होस्टेलमधल्या काही जणांना पहिलंच जास्त आवडतं. असू दे. त्यांना विचारलं तर ते नेमकं कुठे कंटाळा येतो ते सांगतात आणि तेही मी वहीत लिहून ठेवलंय. आमचा गायक ते गाणं स्वतःच गातो, स्वतःच्या उच्चारात.

तेव्हा मित्रहो, यंदा कोणी गाणं, कविता, प्रोजेक्ट, काहीही दाखवलं तर एवढं करा. कितव्या मिनिटाला काय झालं ते सांगा. कुठे लक्ष उडालं, कुठला शब्द कळला नाही, कुठे काटा आला ते सांगा. आणि दाखवणाऱ्याने ‘कसं वाटलं?’ विचारूच नये. ‘दुसऱ्या कडव्यात काय ऐकू आलं?’ असं विचारावं. उत्तर हमखास मिळतं.

हा लेख कसा वाटला? ‘मस्त’ चालणार नाही. कुठला परिच्छेद गाळून वाचलात, तेवढं मात्र नक्की सांगा!