डबा, डिस्क आणि पत्रिका

आपल्याकडे लग्न जमवताना ३६ पैकी १८ गुण जुळले की बोलणी पुढे सरकतात. घरच्या नॅसच्या डब्यात मोठी हार्ड डिस्क घालताना मात्र १८ वर भागत नाही राव. इथे एक गुण हुकला तरी संसार मोडू शकतो, आणि तो मोडतो तेव्हा आत तुमच्या घरादाराचे फोटो असतात.

विषय निघायचं कारण म्हणजे आमच्या घरचा डबा. २०१० साली घेतलेला, दोन खणांचा. दोन्ही खणांत २ टीबीच्या डिस्क, एक दुसरीचा आरसा. या पावसाळ्यात त्यातल्या एकीने मान टाकायला सुरुवात केली. खराब झालेल्या सेक्टरांचा आकडा आठवड्याला वाढायला लागला. आत काय आहे? लेकीचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, आणि बाबांचा एक फोल्डर. बाबांनी १९८६ साली गावी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतल्या होत्या. नऊ कॅसेट. रिटायर झाल्यावर एकेक करत त्यांनीच त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. आता कॅसेटना बुरशी लागलीय, आजी नाही आणि बाबाही नाहीत. सगळ्या ओव्या मिळून जेमतेम सहा जीबी. पण आई दर संक्रांतीला त्या लावायला सांगते, त्यामुळे घरात त्यांचं वजन टेराबाइटमध्ये मोजता येत नाही.

पहिल्याच दिवशी त्या मी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवल्या आणि मग नाशिकला दादाला फोन केला. खर्च दोघांचा असतो ना!

"अरे, २ टीबीच्या कशाला बघतोस? सरळ ८ च्या दोन टाक."

"दादा, तू म्हणतोस खरं, पण डबा २०१० चा आहे."

"खाचेत बसते ना? मग चालेल की!"

तर मंडळी, बसणं आणि चालणं यात जे अंतर आहे त्यावरच हा रविवार खर्ची पडला.

पहिला गुण मोजणीचा. डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरला एक नंबर असतो. जुन्या एमबीआर पद्धतीत हा नंबर ३२ बिटांत लिहितात. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचा. गुणाकार केला की साधारण २.२ टीबी येतात. पुढचं मोजायला आकडेच नाहीत. स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो ना, तसंच. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्या तेव्हा काही जुन्या यंत्रणांना त्या फक्त ७४६ जीबीच्या दिसायच्या. ३ टीबीतून ती मर्यादा वजा केली की उरतं तेवढंच! हे तरी बरं, कारण डोळ्याला दिसतं. खरी भीती दुसरीच. डबा आकार बरोबर दाखवतो, पण आतला एखादा भाग ३२ बिटांतच मोजत असतो. मग २.२ टीबी भरेपर्यंत सगळं आलबेल, आणि त्यानंतरची फाइल शांतपणे डिस्कच्या सुरुवातीला, जुन्या फायलींच्या डोक्यावर लिहिली जाते. यावर उपाय जीपीटी पद्धतीचा, पण तो डब्याच्या फर्मवेअरला यावा लागतो. आमच्या डब्याची कंपनीने दिलेली यादी २ टीबीलाच संपते आणि फर्मवेअरचे अपडेट केव्हाच बंद झालेत.

गंमत म्हणजे ही भिंत पहिली नव्हे. त्याआधी २८ बिटांची होती, १३७ जीबीवर. आणि पुढे आणखी एक आहे: ३२ बिटी प्रोसेसरच्या डब्यांत ४ केबीचे ब्लॉक मोजायलाही तेच ३२ बिट पुरवावे लागतात, म्हणून एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या वर जात नाही. चार खणांच्या जुन्या डब्यात ८-८ च्या चार डिस्क घालणाऱ्यांना हीच भिंत आडवी येते.

दुसरा गुण कौलांचा. हो, कौलांचाच! जास्त डेटा मावावा म्हणून काही डिस्कमध्ये डेटाच्या रांगा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. याला एसएमआर म्हणतात. रांगा सुट्या ठेवण्याची जुनी पद्धत म्हणजे सीएमआर. कौलारू घरात मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात, तसंच इथे एक रांग बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी एका कोपऱ्यात लिहून घेते आणि निवांत वेळी आवराआवर करते. पण आरशातली एक डिस्क गेली आणि नवी घातली की तिच्यावर तासन्‌तास सलग लेखन चालतं. आवराआवरीला वेळच नाही! वेग ढेपाळतो, आणि कधी कधी डबा वैतागून धडधाकट डिस्कलाच मृत ठरवतो. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. बराच गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' असं वेगळं नाव मिळालं. तेव्हापासून मी खोक्यावरचं नाव सोडून आतला मॉडेल नंबर वाचतो.

तिसरा गुण स्वभावाचा. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. एकटी असेल तर तेच बरोबर. पण आरशात जोडीदाराकडे तीच फाइल आहे. तिथे साधारण सात सेकंदांत "मला जमत नाही, तिला विचारा" म्हणणारी डिस्क हवी. नॅससाठीच्या डिस्क तशा असतात.

चौथा गुण विजेचा. मोठी डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. दोन डिस्क एकदम उठल्या तर पंधरा वर्षं जुन्या अडॅप्टरचा जीव जातो. वर काही नव्या डिस्कमध्ये तिसऱ्या पिनला वीज मिळाली की डिस्क बंद राहते, अशी सोय असते. जुन्या पुरवठ्यात त्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, त्यामुळे डिस्क फिरतच नाही आणि माणूस ती खराब म्हणून परत करायला निघतो.

पाचवा गुण सासरच्या मर्जीचा :-) २०२५ च्या एप्रिलमध्ये सिनॉलॉजीने जाहीर केलं की त्यांच्या नव्या प्लस मालिकेत त्यांच्या यादीतल्याच डिस्क लागतील. त्यात तांत्रिक अडचण काहीच नव्हती, अडचण फक्त यादीत नाव नसण्याची. लोक भडकले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, डीएसएम ७.३ बरोबर, ही अट सैल झाली. तात्पर्य काय, तर आज जुळलेली पत्रिका उद्याच्या अपडेटनंतरही जुळेलच असं गृहीत धरू नका.

हे सगळं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे नवा डबाच ना? हे आधी सांगायचंस." नवा ६४ बिटी डबा आला आणि ८ टीबीच्या दोन सीएमआर डिस्कही. तपकीर गल्लीतला दुकानदार "साहेब, सगळ्या सारख्याच असतात" म्हणत होता, तरी उभ्याउभ्या मॉडेल नंबर तपासून घेतले. डेटा भरण्याआधी दोन्ही डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून-वाचून पाहिल्या. मग मुद्दाम एक डिस्क काढली, पुसली आणि परत घातली. आरसा पूर्ववत व्हायला पंधरा तास लागले. तेवढ्यासाठी यूपीएस जोडला होता, कारण गुरुवार होता आणि आमच्याकडे गुरुवारी वीज कधी जाईल सांगता येत नाही.

आईला हा खटाटोप समजावत होतो. तिने एकच विचारलं, "आणि हा डबाच चोरीला गेला तर?" मग तीच म्हणाली, "बियाणं कधी एकाच कणगीत ठेवतात का रे?" आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी हापिसात वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय. आईने ते एका वाक्यात उरकलं. ओव्यांची तिसरी प्रत आता नाशिकला दादाकडे असते. ८ टीबीच्या मानाने ती हजारावा भागही भरत नाही.

असो. तुमच्या घरी असा डबा असेल तर या रविवारी तीन गोष्टी करा. डिस्कचा पूर्ण मॉडेल नंबर बघून ती एसएमआर आहे की सीएमआर ते शोधा. डब्याच्या कंपनीची यादी आणि शेवटच्या फर्मवेअरची तारीख बघा. आणि गावाकडे किंवा भावाबहिणीकडे एक प्रत पाठवा. ही तिसरी गोष्ट पहिल्या दोन्ही राहिल्या तरी करा.