ब्रेकची सोयरीक

शामारेलहून समुद्राकडे उतरणाऱ्या मोटारसायकलस्वारास ब्रेकचे मोल सांगावे लागत नाही. ड्रमच्या जागी डिस्क बसवावयाची, परंतु नवे सामान परवडत नाही. तेव्हा तो मोडीत निघालेल्या गाड्या धुंडाळतो. तेथे भाग मिळतात, सोयरीक मात्र जुळवावी लागते. चाकाच्या आसाची जाडी, डिस्कचा व्यास, फोर्कवरील कॅलिपरची बैठक ही मोजून पाहावी. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या जोडीचाच घ्यावा. ११ मिलिमीटरऐवजी १४ मिलिमीटरचा लावल्यास तितक्याच पकडीसाठी बोटांना दीडपटीहून अधिक जोर लावावा लागतो. किमान जाडीच्या खाली झिजलेली डिस्क फुकट मिळाली तरी नाकारावी. रबरी सील, नळी आणि पॅड नवेच हवेत. काटकसर हा ऊसमळ्यांत राबलेल्या पूर्वजांचा वारसा खरा. पण त्यांनी पै-पै राखली ती लेकराबाळांसाठी. जिवावर बेतणारी बचत ही काटकसर नव्हे.